एकवीस दिवसांचं बेट

आमच्या घराण्यात सुट्टीसाठी समुद्रावर गेलेली पहिली माणसं आम्हीच. मुलांना यंदा समुद्र दाखवतो आहे, असं अण्णांनी आळीत सांगितलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, नाशिककडच्या एका गावात शाळेचे मुख्याध्यापक. चौसष्ट सालचा मे महिना. मी अकरा वर्षांची होते, धाकटा भाऊ सहाचा.

खरं कारण वेगळं होतं. भावाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला होता आणि त्याचा उजवा पाय तेव्हापासून नुसता लोंबत असे. जूनमध्ये तो पहिलीत बसणार होता. माझा मुलगा शाळेत पायी येईल, असं अण्णा शिक्षकांच्या बैठकीत सांगून बसले होते. कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईच्या एका इस्पितळात डॉक्टरने पाय पाहिला आणि सांगितलं, की हा आता परत यायचा नाही. लोखंडी पट्ट्यांचा बूट करून घ्या आणि पोराला त्याची सवय लावा. हे सांगायला त्याला दोन मिनिटं लागली. अण्णांना दोन मिनिटं फार कमी वाटली. त्यानंतर त्यांना एक निसर्गोपचारवाले भेटले. जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त होऊन हे गृहस्थ लोकांच्या प्रकृतीकडे वळले होते. त्यांनी दीड तास घेतला, चहा दिला आणि शिक्का मारलेला कागद दिला. समुद्रवेष्टित भूमीवरील वाळू, सूर्योदयानंतर एक तास, कमरेपर्यंत, पूर्वाभिमुख, एकवीस दिवस. आईने देवीला नवस बोलायचा म्हटलं तेव्हा अण्णांनी तिला अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं होतं. नवसाला शिक्का नव्हता.

तर आम्ही पालघरला उतरलो, टांग्याने किनाऱ्यावरच्या माहीम गावी आलो आणि तिथून बैलगाडीने बेटावर गेलो. बेटावर बैलगाडीने जाता येतं ही गोष्ट अण्णांना खटकली. ओहोटीला किनाऱ्यापासून बेटापर्यंत ओल्या वाळूची वाट उघडी पडायची. दिवसातून दोनदा ती भूमी समुद्रवेष्टित नसायची. अण्णांनी त्याच दिवशी निसर्गोपचारवाल्यांना कार्ड टाकून विचारलं. चालेल, असं उत्तर आठ दिवसांनी आलं.

बेट म्हणजे एक पडका बुरूज, पंधरा-वीस ताडाची झाडं, एक मचूळ विहीर आणि बोंबील सुकवणाऱ्यांच्या पाच झोपड्या. त्यातली एक आम्हाला मिळाली. शेजारच्या झोपडीत तिची मालकीण राहायची, साठीची एक मच्छीमार विधवा. तिला आम्ही मावशी म्हणायचो. दारासमोर बांबूच्या आडव्या दांड्यांच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने लटकवलेले असत. आम्ही शाकाहारी. अण्णांनी त्या वासाचं नाव आयोडीन ठेवलं आणि आम्हाला तो छातीभर घ्यायला लावला. आईने पहिल्या दिवशी तो घेतला आणि ती ओकली.

रोज सकाळी अण्णा खड्डा खणायचे, भावाला त्यात बसवायचे आणि कमरेपर्यंत वाळू लोटायचे. होकायंत्र आणलं होतं. सूर्य समोर उगवलेला असतानाही ते होकायंत्र पाहायचे. पूर्वेकडे तोंड म्हणजे माहीमच्या बागांकडे आणि मधल्या चिखलाकडे तोंड. समुद्र त्याच्या पाठीमागे. तो मान वळवून वळवून पाहायचा आणि अण्णा दोन्ही हातांनी त्याचं डोकं पुन्हा सरळ करायचे.

"अण्णा, मला पाणी घाला ना थोडं," तो एकदा म्हणाला.

"तहान लागली?"

"नाही. उगवेन मग."

मी हसले. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून विहिरीवर गेले.

मावशी पहिले दोन दिवस लांबून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी टोपली खाली ठेवून आईजवळ आली.

"बाय, काय गुन्हा केला गो ह्यानं?"

"औषध आहे ते," आई म्हणाली.

"आमच्यात लानी पोरं मेली का पुरतात. तुमी जित्याला पुरता."

"शास्त्र आहे त्याच्यामागे," अण्णा म्हणाले.

"आसंल, मास्तर. आमी काय शिकलेली नाय." आणि टोपली उचलून गेली. अण्णा नंतर आम्हाला उत्तरेकडे हात करून सांगत होते, की तिकडे तारापूरला अणूपासून वीज करणार आहेत, हाच किनारा, आणि इथल्या लोकांची समजूत पाहा. भाऊ तेव्हा कमरेपर्यंत वाळूतच होता.

दर रविवारी मोजणी व्हायची. घोट्यापासून चार बोटं वर अण्णांनी शाईचा ठिपका दिला होता. तिथे पोटरीभोवती आईची शिवणाची टेप लावायची आणि आकडा वहीत मांडायचा. निघताना सहा इंच होता. पहिल्या रविवारी सहा. डावा पाय साडेआठ होता, पण त्याचा रकाना अण्णांनी आखला नव्हता.

वाळूने ठिपका पुसट व्हायचा. तो पुन्हा गडद करण्याचं काम आईकडे होतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी तिच्याजवळ बसले होते. तिने बोटाने पाय चाचपला, बोरू शाईत बुडवला आणि ठिपका होता त्याच्या बोटभर वर दिला. जुना ठिपका पदराने पुसून टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही.  त्या रविवारी टेप सव्वासहा दाखवायला लागली.

अण्णांनी तीनदा मोजलं. मग बाहेर गेले आणि बराच वेळ बुरुजाजवळ उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते; वारा फार आहे म्हणाले. संध्याकाळी त्यांनी निसर्गोपचारवाल्यांना चार पानी पत्र लिहिलं. मावशीला मुद्दाम बोलावून वही दाखवली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग खाली बसून तिने भावाची पोटरी हातात घेतली, दाबली, सोडली. 

दुसऱ्या दिवशी उपचार संपल्यावर तिने भावाला कडेवर घेतलं आणि विचारल्याशिवाय समुद्रात नेलं. पोटाखाली हात धरून त्याला पाण्यावर आडवं केलं. तो हात मारत होता. पाण्यात त्याचे दोन्ही पाय सारखेच दिसत होते, निदान किनाऱ्यावरून. त्याचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. अण्णा धोतर वर धरून गुडघाभर पाण्यात गेले आणि त्याला काढून घेऊन आले.

"कागदात पाणी नाही," ते म्हणाले. "एकवीस दिवस पुरे होऊ देत. मग मी स्वतः नेईन."

"मास्तर, तो पाय काय यायचा नाय," मावशी म्हणाली. "पोराला पोवाया शिकवा. पाण्यात पाय कोन मागतो?"

"मावशी, वही पाहिलीत ना तुम्ही?"

"पायली." आणि तिने आईकडे पाहिलं. आई बोंबलांकडे पाहत होती.

एकविसाव्या दिवशी अण्णा आमच्या आधी उठले. मी जागी होते, पण डोळे किलकिले करून पडले होते. त्यांनी झोपलेल्या भावाच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं आणि ठिपक्याकडे न पाहता घोट्यापासून चार बोटं मोजली. टेप लावली. सोडली. पुन्हा लावली. मग वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं. ते गेल्यावर मी पाहिलं. सव्वासहा लिहिलं होतं, नेहमीच्या वळणदार अक्षरात.

त्या दिवशी त्यांनी खड्डा खणला नाही. कालपर्यंत वीस झाले आणि आज निघायचं, तेव्हा चालेल, म्हणाले.  आईने टेप गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाकली.

"चल," अण्णा भावाला म्हणाले, "समुद्रात जाऊ."

पण गाडी ओहोटीची सांगितली होती. गाडीसाठी वाट उघडी पडायची तर समुद्राला मागे जावंच लागतं. तिथींवरून भरती-ओहोटीचा तक्ता अण्णांनी स्वतः मांडला होता, गाडीवाल्याला वेळही त्यांनीच दिली होती. बेटाच्या मागच्या अंगाला आम्ही गेलो तेव्हा समोर खडक आणि काळा चिखल होता, आणि फार लांब एक पांढरी रेघ.

अण्णांनी भावाला खांद्यावर घेतलं आणि चिखलात चालायला लागले. पोटरीपर्यंत रुतत होते, एक पाय उपसला की दुसरा अडकायचा. मधेच एक चप्पल गेली. इकडून गाडीवाला ओरडत होता, "मास्तर, चला आता, पानी फिरल, मंग बैल नाय येत." ते आणखी थोडे गेले. मग थांबले. रेघ होती तिथेच होती. खांद्यावरून भाऊ काहीतरी विचारत होता, आम्हाला ऐकू येत नव्हतं. ते परत आले तेव्हा मावशीने विहिरीच्या पाण्याने दोघांचे पाय धुतले. उजवा पाय धुताना ठिपका निघून गेला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी अण्णा तासभर आधी घरून निघाले, भावाला कडेवर घेऊन, मागच्या बोळाने. शिपाई यायच्या आत त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, पाय नीट जोडून ठेवले आणि मग कार्यालयात जाऊन बसले. मुलं आली तेव्हा तो आधीच आलेला होता. शिक्षकांनी अण्णांचं अभिनंदन केलं. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग बाहेर पळाला. मी दारातून डोकावले, तर तो डबा न उघडता बसला होता.

"खात का नाहीस?"

"पाणी प्यावं लागेल मग," तो म्हणाला, "आणि मग बाहेर जावं लागेल."