बंदराचं कॉलेज

खलाशानं लोणच्याची बरणी आणि पुडकं ओटीवर ठेवलं आणि सासूबाईंकडे न बघता म्हणाला, "आत्या, तो तिथं नाय."

सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "नाय म्हंजे? कालेजात गेला असंल."

"कालेजात असता तर घरवाल्या बाईनं पुडकं ठेवून घेतलं असतं. मागच्या खेपेला घेतलं होतं. ह्या वेळेला अर्धं दार उघडलं, 'नॉट हिअर' म्हणाली नि लावून घेतलं. मी परत गेलो, तर उघडलंच नाय."

बरणीवरचं फडकं मी बांधलं होतं तसंच होतं. वरची लाखसुद्धा फुटली नव्हती. आणि त्याच आठवड्यात माझ्या दिराचं, भावोजींचं, पत्र आलं होतं, त्याच घरच्या पत्त्यावरून. खोली चांगली आहे, घरमालकीण काळजी घेते, अभ्यास जोरात चालू आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांत मी बघितलं. मुलगा गेला, असंच त्यांच्या मनात आलं होतं. माझ्या मनात ते आलं नाही. मेलेला माणूस पत्र लिहीत नाही. खोटं पत्र लिहिणारा माणूस जिवंत असतो आणि त्याला काहीतरी लपवायचं असतं. तरण्या माणसाला परदेशात काय लपवायचं असणार? मी सरळ धरून चालले की बाई आहे.

मला त्याची फिकीर होती, कारण भावोजींचा साखरपुडा माझ्या धाकट्या बहिणीशी झाला होता. ती बदलापूरला बाबांच्या घरी त्यांची वाट बघत बसली होती. तिच्या बरोबरीच्या मुलींच्या कडेवर मुलं आली होती. साखरपुडा मोडलेली मुलगी त्या काळी कोणी करून घेत नसे, आणि का मोडला ते तर कोणी ऐकूनही घेत नसे.

त्यांना त्या गावी धाडलं होतं सासूबाईंनी आणि मी. ते कसं, ते सांगते.

आम्ही अंबरनाथला स्टेशनाच्या पश्चिमेला राहत होतो. हे कारखान्यात होते. भावोजी मुंबईला बीएस्सी झाले आणि त्यांनी विलायतेला जाऊन रंगांचं शास्त्र शिकायचं ठरवलं. कपड्याला देतात ते रंग. दोन ठिकाणांहून होकार आला. दोन जाड पुस्तकं आली, दोन्हींत हिरवळ, दोन्हींत घड्याळाचा मनोरा. एक कॉलेज आतल्या गावात होतं, गिरण्यांच्या. दुसरं समुद्रावर, मोठ्या बंदरात. त्या गावांची नावं माझ्या जिभेला कधी बसली नाहीत. आम्ही घरात आतलं गाव आणि बंदर असंच म्हणायचो.

भावोजींना आतलं गाव हवं होतं. रंगांचे मोठे प्रोफेसर तिथं होते. ह्यांचंही तेच मत होतं, आणि कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाचंही. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून माझं मत कोणी विचारलं नाही. मी दिलं.

पुस्तकातल्या एका फोटोवर बोट ठेवून मी विचारलं, "ह्या कोण?"

"विद्यार्थिनी," भावोजी म्हणाले.

"मुलांच्या शेजारी गवतावर बसल्यात त्या?"

"तिथं बसतात, वहिनी."

"दोन्ही गावांत बसतात का एकाच?"

"दोन्ही गावांत. गवत दोन्हीकडे आहे."

म्हणजे तो प्रश्न दोन्हीकडे सारखा होता. आता बघायचं एवढंच होतं की नजर कुठे ठेवता येईल.

सासूबाई कोकणातल्या, खाडीकाठच्या. त्यांच्या माहेरच्या गावातली निम्मी मुसलमान घरं बोटीवरच्या पगारावर चालायची. गावातला कोणीतरी कायम कुठल्या तरी बोटीवर इंजिनात कोळसा टाकत असायचा, नाहीतर डेक धूत असायचा. त्यांना गावच्या लेकी म्हणजे आत्या नाहीतर बहिणी. सासूबाईंचा हिशेब सरळ होता. बंदरात बोट लागते, बोटीवर गावचा माणूस असतो, तो लोणचं पोचवतो आणि पोराचं तोंड बघून येतो. आतल्या गावात कोण जाणार?

"आई, मी शिकायला चाललोय. कॉलेज निवडायचंय, मासळीबाजार नाही."

"ताप आला तर प्रोफेसर येणार हाय पेज घेऊन?"

ह्यांनी समजूत घालून बघितली. सासूबाई पानावर बसायच्या, भात कालवायच्या आणि ताट सरकवून उठायच्या. भावोजींना ते सोसवेना.

मी सासूबाईंची बाजू घेतली. घरात सगळ्यांना नवल वाटलं, कारण आमचं दोघींचं तसं जमायचं नाही. पण त्यांना लोणचं पोचवायचं होतं आणि मला जबाब घ्यायला माणूस हवा होता. दोन्हीला बंदर लागत होतं.

भावोजींचा ओव्हरकोट शिवायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गेलो. लष्कराच्या बराकींत सिंधी लोक राहायला आले होते, त्यातल्या एका बराकीत शिंप्याचं मशीन होतं. तो लष्करी घोंगड्यांचे फार चांगले कोट शिवायचा. मी तयार कोट उलटा करून अस्तर बघितलं, मग खिशांची शिवण ओढून बघितली.

"माई पहले पुलिस में थी क्या?" त्यानं भावोजींना विचारलं.

"अभी भी है," भावोजी म्हणाले.

कुठे चाललात म्हणून त्यानं चौकशी केली. दोन्ही गावं ऐकून तो म्हणाला, "बंदर लो. हर बंदर में अपने सिंधी की दुकान मिलेगी. कुछ हुआ तो घर खबर तो पहुँचेगी." घर, दुकान सगळं कराचीला टाकून आलेला माणूस होता तो. सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढे जो कोणी भेटेल त्याला सांगत राहिल्या की शिंपीसुद्धा बंदरच म्हणतो. शेवटी भावोजींनी आतल्या गावाला नकार कळवला.

बाबांनी अट घातली, आधी साखरपुडा मग बोट. तशी पद्धतच होती. मुलगा बाहेर धाडायचा तर इथं बांधून धाडायचा. माझी बहीण साखरपुड्याला हसत होती. मला ते आवडलं नाही.

पहिलं वर्ष ठीक गेलं. सासूबाईंच्या गावचा तो खलाशी यायचा, त्यांच्या हातचं लोणचं, मेतकूट आणि सोडे घेऊन जायचा. परत आला की मी त्याला चहा द्यायचे आणि विचारायचे. घरमालकीण कशी आहे? म्हातारी आहे, वहिनी, पुढचे दात नायत. घरात मुली? नाय, एक मांजर. खोली? अंधारी, भिंतीला ओल. जेवण? उकडलेला बटाटा. भावोजींच्या पत्रांतही बटाट्याच्या तक्रारी असायच्या. ते खरं वाटायचं. मग हळूहळू बटाटा पत्रांतून गेला आणि सगळं छान झालं. मला तेव्हापासूनच बरं वाटत नव्हतं. आणि आता पुडकं परत आलं होतं.

हे म्हणाले, "कॉलेजला लिहून विचारतो."

"नका लिहू. तुम्ही विचारलंत की ते सावध होतील."

"माझा भाऊ आहे तो, चोर नाही."

"मग लपतायत कशाला?"

त्यांनाही मनातून भीती होती, पण शिकलेल्या माणसाला आपल्या भावावर संशय घेणं कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. सासूबाईंना आम्ही सांगितलं की भावोजींनी खोली बदलली असेल. त्यांनी ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं.

खलाशाला पुन्हा त्याच बंदराची बोट मिळाली तेव्हा मी त्याला बजावून सांगितलं. "घरी जाऊ नका. आपल्या लोकांच्या खाणावळी असतील तिथं विचारा. शिकायला आलेली आपली पोरं भाताला कुठे जातात ते बघा. आणि भेटले तर शेजारी कोण आहे ते आधी बघा, मग हाक मारा."

"वहिनी, मी बोटीवर कोळसा मारतो. सीआयडी नाय."

"आता आहात."

ती बोट परत यायला फार महिने लागले. मधे मी माहेरी गेले की बहीण विचारायची, "ताई, काही कळलं?" मी म्हणायचे, "कळायला काय झालंय?" तिला साडी निवडून दे, तिच्याकडून पापड लाटून घे, असं काहीतरी काढून मी विषय तोडायचे. ती माझ्याकडे बघत राहायची. संशय घेणं आमच्या घरचंच, ती काही वेगळी नव्हती.

खलाशी आला तो रिकाम्या हातानं. सासूबाईंच्या पायाशी बसून म्हणाला, "भेटला, आत्या. लोणचं दिलं. बरा हाय. चांगला जाड झालाय."

सासूबाई रडल्या. "बंदर मानवलं माझ्या पोराला," म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवायला उठल्या.

मी उठले नाही. वर्षभर बटाटा खाऊन वाळलेला माणूस जाड कसा होतो? खलाशी नेहमी भरभरून बोलायचा, बोटीची, दर्याची, कप्तानाची शिवी घालून गोष्ट सांगायचा. त्या दिवशी चहा बशीत ओतून तो गटागट प्याला आणि उठला. मी पिशवी घेतली, भाजी आणते म्हणाले आणि त्याच्याबरोबर स्टेशनाच्या रस्त्याला लागले.

"कोण आहे ती?"

"कोण नाय, वहिनी."

"जाड कोणाच्या हातचं खाऊन झाले?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"तो तुम्ही दिलाय. मी कोणाला काही दिलेलं नाही. बहीण माझी आहे. ती अशीच बसून म्हातारी झाली तर तुमचा शब्द तिला जेवायला घालणार आहे का?"

तो चालायचा थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली. "दूध देतात," म्हणाला. "अंडी देतात. दिवसभर खाटेवरनं उठू देत नाय. बाहेर बरफ पडतंय नि ह्यांच्या खिडक्या सताड उघड्या. भेटायला गेलो तर नर्स म्हणाली, लांब बस."

मला पुढचं सांगावं लागलं नाही. कॅम्पात बराकींच्या बाहेर खाट टाकून असे रोगी निजलेले मी बघितले होते. क्षय. भावोजी वर्षाच्या वर कॉलेजात नव्हते, हॉस्पिटलात होते. जुना पत्ता घालून लिहिलेली पत्रं एक मित्र टपालात टाकायचा, आणि घरवाल्या बाईनं दार लावून घेतलं ते रोगाच्या भीतीनं.

"म्हणाला, कळलं तर लग्न मोडेल," खलाशी म्हणाला. "म्हणाला, वहिनीला तर मुळीच नको."

"अक्कल शाबूत आहे म्हणायची."

बंदराच्या त्या ओलसर खोलीनं रोग दिला की भावोजी तो इथूनच घेऊन गेले, हे कोणी सांगू शकत नाही. आतल्या गावी गेले असते तर काय झालं असतं, तेही नाही. तिथं झाला असता तर आम्हाला कळलं नसतं, एवढं मात्र खरं. ह्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सासूबाईंना कोणीच सांगितलं नाही.

बाबांना सांगणं म्हणजे साखरपुडा मोडणं. मी आधी बहिणीकडे गेले. विहिरीवर ती धुणं धूत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

तिनं धोपाटणं खाली ठेवलं. "म्हणजे बाई नाही?"

"नाही. क्षय आहे."

"तुला नक्की माहीत आहे?"

"खलाशी बघून आलाय. खोलीत सगळे पुरुषच आहेत."

"मग बाबांना एवढ्यात सांगू नकोस. बाई असती तर आजच मोडलं असतं. ह्या रोगावर आता सुया निघाल्यात म्हणतात."

"म्हणतात खूप. ते परत आले की मुंबईला छातीचा फोटो काढायचा. मी स्वतः डॉक्टरांना विचारणार. डाग दिसला तर मी बाबांना सांगणार, तू रडलीस तरी."

"काढ की फोटो," ती म्हणाली आणि धोपाटणं परत उचललं. "लग्नाच्या फोटोआधी तो काढू."

मी त्यावर हसले नाही. ती हसली.

मग मी भावोजींना पत्र लिहिलं, माझ्या अक्षरात. सगळं कळलंय, खोटं लिहिणं बंद करा, दूध प्या, असं. उत्तर आलं त्यात फक्त डॉक्टर काय म्हणतात ते होतं, आणि खाली बहिणीला नमस्कार. त्यानंतरच्या पत्रांवर मी विश्वास ठेवला.

शिक्षण त्यांचं लांबलं, पण पुरं झालं. ते आले तेव्हा खरंच जाड होते. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून जुना डाग दाखवला आणि भरलाय म्हणाले. मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन पुन्हा विचारलं. तोही तेच म्हणाला, तेव्हा मी बाबांना सांगितलं. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण लग्न बदलापूरलाच लावून दिलं. खलाशी लग्नाला आला नाही, तो बोटीवर होता.

पुष्कळ वर्षांनी एकदा मी भावोजींना विचारलं, त्या खोलीत आणखी कोण होते. ते म्हणाले, सहा खाटा होत्या. दोघे गोदीतले कामगार, एक शाळामास्तर, एक आयरिश पोरगा, एक आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी आणि ते स्वतः. त्यांतले मास्तर आणि भावोजी तेवढे जिवंत बाहेर आले.