भागाकार सरांचं शून्य

भागाकार सरांना कुणी आनंदाची बातमी दिली तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "भागिले कितीने?" माझ्या मुलीला दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले म्हणून मी ऑफिसात पेढे वाटत होते. बाकीच्यांनी अभिनंदन केलं. सरांनी पेढा हातात धरून विचारलं, "बेस्ट ऑफ फाइव्ह, की सहाही विषय धरून?" मला असा राग आला, की पेढा परत घ्यावा. पण खोटं तरी कसं बोलणार? बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हटलं. "मग पाचाने भागलंय. उत्तम आहेत," असं म्हणून त्यांनी तो पेढा खाल्ला आणि दुसरा उचलला.

आमच्या आरोग्य विभागात ते सांख्यिकी सहायक होते आणि मी कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. भाईंदर, मीरा रोड, इकडची-तिकडची गावं, सगळीकडून बाळांचे, लसींचे, तापाच्या रुग्णांचे आकडे आमच्या टेबलावर यायचे. मी ते एक्सेलमध्ये भरायचे आणि सर त्यांचे तक्ते आणि आलेख करायचे. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. शिपायापासून डॉक्टर मॅडमपर्यंत सगळे त्यांना भागाकार सरच म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडत असावं.

शीटच्या बाबतीत त्यांचं सोवळंओवळं भारी कडक. दिसायला बरं दिसतं म्हणून कुणी दोन खण जोडून एक केला, की सरांचा चेहरा पडायचा. मलाच एकदा म्हणाले, "अहो कदम, भिंत पाडलीत तुम्ही. आता वरच्या मजल्याची बेरीज कुठे उभी राहणार?" फाईलच्या नावात 'अंतिम' हा शब्द लिहायला बंदी होती, कारण अंतिम फाईल त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. आलेखाची उभी रेघ शून्यापासूनच निघाली पाहिजे, मधूनच नाही. वरिष्ठांना खूश करायला कुणी रंगीत, फुगीर गोल आलेख केला, तर म्हणायचे, केक वाढदिवसाला आणा.

पण सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली ती रिकाम्या खणांवरून. एखाद्या वस्तीतून तापाचे रुग्ण कळवलेले नसले, की मी तिथे शून्य टाकून मोकळी व्हायचे. सर खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि शांतपणे सांगायचे, "शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं, आणि तिथे कोणी नव्हतं. रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य लिहायचं तर जाऊन यावं लागतं." मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, यांचं काय जातंय, यांना कुठे घरी जाऊन पोळ्या लाटायच्यात.

तेव्हा एक गंमत चालली होती. लसीकरणाची टक्केवारी काढायची म्हणजे लस मिळालेल्या बाळांना त्या भागात असायला हव्यात तेवढ्या बाळांनी भागायचं. ही 'असायला हवीत' ती बाळं लोकसंख्येवरून काढतात, आणि आमच्याकडे आकडे होते जुन्या जनगणनेचे. त्यानंतर इथे किती इमारती उठल्या ते मी काय सांगावं? मी स्वतः खारीला राहते. लग्न होऊन आले तेव्हा खिडकीतून पलीकडचा रस्ता दिसायचा, आता समोरच्यांचा टीव्ही दिसतो. माणसं वाढली, भागायचा आकडा तोच राहिला. त्यामुळे काही भागांत लसीकरण शंभर टक्क्यांच्याही वर गेलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. सरांनी तेवढं विचारलं, "ही वरची बाळं कुठल्या गावची?"

मग त्यांनी ते दुरुस्त करायचं मनावर घेतलं. घरपट्टीच्या यादीतून नव्या इमारती काढल्या, प्रत्येक फ्लॅटमागे चार माणसं धरली आणि जुन्या लोकसंख्येत मिळवली. खारीचा आकडा झकास जमला. आलेखातल्या सगळ्या पट्ट्या शंभराच्या आत शहाण्यासारख्या येऊन उभ्या राहिल्या. फक्त खाडीकाठच्या मुर्धा गावाची पट्टी तळाला गेली. इतकी खाली, की बघणाऱ्याला वाटावं, तिथे कुणी लस द्यायला फिरकलंच नाही.

मुर्ध्याचं काम पुष्पाताईंकडे होतं. त्या तिथल्या आशाताई, खाडीकाठच्याच कोळ्यांच्या घरातल्या. घरोघर जाऊन गरोदर बाया आणि तान्ही बाळं यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. नवऱ्याचं बोटीवरचं काम सुटल्यापासून घर त्यांच्याच मानधनावर चाललं होतं. आलेख डॉक्टर मॅडमच्या टेबलावर पोचला आणि पुष्पाताईंचा भाग काढून दुसरीला द्यायचा, असं ठरलं. कागदही टाइप झाला. दोन दिवसांवर मीटिंग होती, तिथे तो हातात द्यायचा.

हे कळल्यावर पुष्पाताई तडक आमच्या टेबलापाशी आल्या. आवाज चढवला नाही, पण पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलेलं होतं. "सर, माझ्या गावातला एकबी पोर सुटलेला न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा कंप्यूटर खोटा बोलतोय, न्हायतर मी बोलते. तुमीच ठरवा." त्या गेल्यावर सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, शीट वरपासून खालपर्यंत पाहिली. वरचा, लस दिलेल्या बाळांचा आकडा त्यांनी तपासला, तो बरोबर होता. मग खालच्या, ज्याने भागायचं त्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "कदम, चला. हा आकडा बघून येऊ."

आकडा बघायला खरोखरच जायचं असतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. ऑफिस सुटल्यावर आम्ही रिक्षा करून मुर्ध्याला गेलो. जुन्या मिठागरांच्या बाजूला नवे टॉवर उभे होते, चकचकीत, काचांचे. दिवेलागणीची वेळ होती. गावात घरोघर दिवे लागत होते आणि टॉवर तसेच काळे. सर मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "कपडे कुठे आहेत?" मला आधी कळेना. नीट पाहिलं तर एवढ्या गॅलऱ्या, पण कुठे एक टॉवेल वाळत नव्हता. वॉचमनला त्यांनी विचारलं, ऊपर कितने लोग रहते हैं? तो हसला. "बुकिंग सब हो गया है साहब. रहने कोई नहीं आया. पैसा डालके रखा है लोगों ने."

सर कठड्यावर बसले. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "मी खिडक्यांना माणसं समजलो, कदम," ते म्हणाले. "तुम्हाला रोज सांगतो आणि मीच न जाता आकडा भरला." मला त्यांची दया आली, पण खरं सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. पुष्पाताई खऱ्या होत्या. मग अंधार पडेपर्यंत आम्ही प्रत्येक टॉवरच्या वॉचमनला गाठून, कुठल्या मजल्यावर कोण राहतं, ते लिहून घेतलं. बऱ्याच ठिकाणी सरांनी स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं.

मीटिंगमध्ये सरांनी दोन्ही आलेख भिंतीवर दाखवले, चुकलेला आणि सुधारलेला. मुर्ध्याची पट्टी दुसऱ्यात वर, सगळ्यांच्या बरोबरीला होती. मी वाट बघत होते, की आता ते घरपट्टीच्या यादीवर ढकलतील. निदान मी तरी तेच केलं असतं. सर म्हणाले, "वरचा आकडा पुष्पाताईंचा होता, तो बरोबर आहे. खालचा माझा होता, तो चुकला." डॉक्टर मॅडमनी जरा कपाळाला आठ्या घातल्या आणि तो टाइप केलेला कागद फाडला. पुष्पाताई खाली बसल्या, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि मग त्यांना रडू आलं. मीही रडले, उगीचच.

पुष्पाताई मात्र पुढे बरेच दिवस सरांशी बोलल्या नाहीत. माझ्याजवळ म्हणायच्या, चुकला तो चुकला, पण आधी मला इचारायचं व्हतं. सरांना ते मान्य होतं. ते काही समजूत काढायला गेले नाहीत. शीटमध्ये त्यांनी तेवढा 'राहती घरं' असा एक रकाना वाढवला, आणि दर काही महिन्यांनी पुष्पाताईंना अदबीने विचारायचे, "ताई, टॉवरांत कुणी आलं का हो?" ताई दुसरीकडे बघत मान हलवायच्या. शून्य कायम राहायचं.

सर निवृत्त झाले तेव्हा भाषण करा म्हणून फार आग्रह झाला. ते म्हणाले, "फाईल कदमांकडे आहे. नाव 'अंतिम' ठेवू नका." इतकंच. पुष्पाताई शेवटच्या रांगेत होत्या. निघताना त्या पुढे झाल्या आणि सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडल्या. सर इतके गडबडले, की पुष्पगुच्छ खुर्चीवरच विसरून गेले. आता ते रोह्याकडे आपल्या गावी असतात.

मागच्या महिन्यात पुष्पाताईंचा फोन आला. "कदमताई, खाडीकडच्या टॉवरात दोरीवर दुपटी हाईत." मी लगेच माउस धरला, आणि हात थांबला. सरांना मेसेज केला, टॉवरात बाळ आलंय. उत्तर आलं, "बघून आलात का?"

गेले. चौथ्या मजल्यावर एकाच गॅलरीत पांढरी, पिवळी दुपटी वाळत होती. आत एक ओली बाळंतीण, बाळ मांडीवर, आणि समोर पुष्पाताई, लसीचं कार्ड भरत बसलेल्या. "टीका कब लगेगा, दीदी?" ती पोरगी विचारत होती. ताई म्हणाल्या, "बुधवार को मैं खुद लेके जाएगी. डरने का न्हाय."

ऑफिसात येऊन मी शीट उघडली. त्या टॉवरच्या 'राहती घरं'च्या खणात सरांनी लिहिलेलं शून्य होतं. ते पुसून मी एक लिहिला. भागायचा आकडा वाढला, लस मात्र अजून व्हायची होती, म्हणून मुर्ध्याची पट्टी केसभर खाली सरकली. तो आलेख मी सरांना पाठवून दिला.

त्यांचं उत्तर यायला वेळ लागला नाही. "पट्टी जरा खाली आलीय," त्यांनी लिहिलं होतं. "फार बरं वाटलं."