अर्जावरचं पहिलं नाव

गिरणगावात वाढलेल्या माणसाला युनियन म्हणजे घरचं माणूस वाटतं. साठच्या दशकाच्या शेवटी लंडनला आलो आणि वेम्बलीजवळच्या एका रबराच्या कारखान्यात लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी युनियनचं कार्ड घेतलं. आम्ही सगळे देशी लोक भट्टीपाशी भाजून निघायचो. मशीन चालवायचं काम फक्त गोऱ्यांना. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडत कोणी नव्हतं.

शेवटी आम्हालाही मशीनवर घ्या, असा अर्ज मीच लिहिला. काका सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. काका अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, आमच्यात सगळ्यात वयस्कर. म्हणाले, "मला यात ड्रॅग करू नकोस रे. जॉब गेला तर या एजला मला कोण घेणार?"

"काका, युनियन आपल्या मागे आहे," मी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या शब्दाखातर त्यांनी सही केली. पहिली ओळ मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर वडीलधाऱ्यांचं नाव आधी घालतात, तसंच.

अर्ज मी आधी शॉपस्टुअर्डला, म्हणजे कारखान्यातल्या युनियनच्या माणसाला दिला. शिस्त म्हणजे शिस्त! त्या पठ्ठ्याने तो त्याच दुपारी मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याला मशीनं गोऱ्यांच्याच हातात ठेवायची होती. मॅनेजरने पहिलं नाव वाचलं, हाच म्होरक्या असं धरलं आणि शुक्रवारी काकांना काढून टाकलं.

मी तावातावाने शॉपस्टुअर्डकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, म्होरक्या दुसरा कोणी असेल तर तसं मॅनेजरला सांग. मी मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो. घरी बायको पाच महिन्यांची गरोदर होती. दार न ठोठावताच परत फिरलो. बायकोचं निमित्त सांगतोय, पण मी घाबरलो हेच खरं.

वर्षभराने आमच्यातल्या एकाला मशीन मिळालं. त्यानंतर काका हॅरोच्या स्टेशनवर झाडू मारताना भेटले. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "आपल्यातला एक मशीनवर गेला म्हणे! मग वर्थ होतं सगळं. कोण रे तो?"

"आहे एक पंजाबी. तुम्ही नाही ओळखणार," मी म्हणालो.

मशीन मीच चालवत होतो.