भिंगाला न दिसलेली चूक

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे भिंग म्हणत. नाव माझ्या दादाने ठेवलेले. समोर आलेली वस्तू नाकाजवळ नेऊन तपासल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे, मग तो कोड असो, टोमॅटो असो की दादाने सहज दाखवलेला माझा फोटो असो. फोटो तपासून झाल्यावर हे दादाला म्हणाले, "डावी भुवई जरा वर आहे." दादाने घरी येऊन हसत हसत ते सांगितले, तेव्हा असल्या चिकित्सक माणसाचे तोंडही बघणार नाही असे मी बजावले होते. पुढे त्याच माणसाशी लग्न केले. भुवई अजून वरच आहे, आणि ती तशी का आहे हे ह्यांना चांगले ठाऊक आहे.

दादा आणि हे एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात नोकरीला होते आणि प्रयोगशाळेतल्या एका लांब टेबलाशी शेजारी शेजारी बसत. दादाने संगणकाची एक छोटीशी भाषा तयार केली होती. त्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम वाचून तिथल्या तिथे चालवणारा इंटरप्रिटरही त्याचाच. पण प्रोग्रॅमने फाइल उघडायची म्हटली की घोडे अडायचे, कारण प्रत्येक जातीच्या मशीनची तऱ्हा न्यारी. ओळ संपली की एक मशीन एक खूण करणार, दुसरे दोन करणार, आणि तिसऱ्याला वाटेत एक ठरावीक चिन्ह भेटले की फाइल संपली असे समजून ते हात झटकून मोकळे होणार. या सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढणारा मधला थर ह्यांनी लिहिला. फाइल उघडा, वाचा, लिहा, बंद करा. मशीन कोणतेही असो, वरून सगळे सारखेच दिसले पाहिजे. "तुझा दादा डोकं आणि मी हातपाय," असे हे मला लग्नाआधी सांगत. मला त्यात फारसे प्रेमळ काही वाटले नव्हते, पण ह्यांच्या दृष्टीने तो प्रेमाचाच संवाद होता.

लग्नानंतर दादा आणि हे माझ्या माहेरी जेवायला बसले की माझी आई कपाळाला हात लावायची. घास हातात आणि तोंडात फाइली. "जावईबापू, आधी ताटात बघा," ती म्हणायची, आणि तेवढ्यापुरते दोघे शाळेतल्या पोरांसारखे खाली बघायचे. ह्यांना दुसरा मित्र नव्हता. खरे म्हणजे दादालाही नव्हता.

एक वाचनालय दादाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने वाचकांना सूचना पाठवायचे. तिथून तक्रार आली की काही सूचना दोनदा छापल्या जातात. दादाने तोच प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालवला, निघालेला मजकूर फाइलमध्ये घेतला, छापला आणि कागद ह्यांच्यापुढे ठेवला. काही सूचना खरोखरच दोनदा आल्या होत्या. ह्यांनी आपल्या मशीनवर चालवला, स्क्रीनला नाक लावून पाहिले. सगळे एकदाच. पुन्हा चालवला. एकदाच. खोलीतल्या झाडून सगळ्या मशीनवर चालवला. कुठेही दोनदा नाही.

"माझ्या थरात काही नाही," हे म्हणाले. "तुझ्या इंटरप्रिटरमध्ये बघ."

"मी लिहायचं काम तुझ्याकडे सोपवतो रे," दादा म्हणाला. "त्याच्या पुढचं सगळं तुझंच आहे. एकदा माझ्याबरोबर बसून बघू या."

दादाचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. ह्यांचा तसा नाही. बोलता बोलता खोलीतली सगळी माणसे माना वळवून बघू लागली, आणि सगळ्यांच्या देखत हे म्हणाले, "स्वतःचं खरं करायला मजकूर दोनदा चिकटवून आणलायस तू."

दादाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो खुर्चीवरून उठला. नंतर काही दिवसांनी त्याने कॉलेजच सोडले आणि तो दुसऱ्या गावी एका शाळेत गणित शिकवायला लागला. घरी येऊन हे मला एवढेच बोलले की तुझा दादा फार मनाला लावून घेतो. बाकीचे मला दादाच्या बायकोने, वहिनीने, रडत रडत सांगितले.

मी दोघांनाही खूप बोलले. नवऱ्याला म्हटले, जाऊन एकदा चुकलो म्हणा. भावाला म्हटले, तू थोरला आहेस, सोडून दे. दोघेही माझ्यापुढे मान डोलवायचे आणि आपापल्या जागी ढिम्म बसायचे. माझे माहेर म्हणजे मी एकटीने जायचे ठिकाण होऊन बसले. आई आजारी पडली तेव्हा ह्यांनी मला दवाखान्याच्या फाटकापर्यंत आणून सोडले आणि स्वतः गाडीत बसून राहिले, कारण आत दादा होता. आई रोज विचारायची, "जावईबापू आले नाहीत?" मी म्हणायचे, गाडी लावताहेत. ती बिचारी मान हलवायची. इतका वेळ गाडी लावणारा माणूस जगात नाही, हे तिला कळत नव्हते असे थोडेच.

डोके गेल्यावर नुसते हातपाय किती दिवस चालणार? दादाची भाषा हळूहळू मागे पडली. नवीन लोक दुसरीकडे वळले. हे मात्र आपला थर जपत राहिले. निवृत्त झाले तरी बाजारात नवे मशीन आले की हे कुठून तरी ते मिळवणार आणि आपल्या चाचण्या चालवून बघणार. कोणी मागितले नव्हते, कोणी विचारत नव्हते. मी चिडवायचे, "देवळात कोणी येत नाही, पण पुजारी मात्र वेळेवर हजर." हे हसत नसत.

मग ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरने स्क्रीनकडे बघायला सक्त मनाई केली. भिंगावरच झाकण पडल्यावर घरात काय वातावरण असेल ते सांगायला नको. काळ्या चष्म्याआडून दिवसभर सूचना सुटत होत्या. शेवटी एका दुपारी मला म्हणाले, "तू माझ्या चाचण्या चालव. मी सांगतो तसं टाइप कर."

टाइप केले. पण स्क्रीनवर ओळी अशा भराभर वर पळायला लागल्या की मी वाचेपर्यंत गायब. मी म्हटले, "हे काय मला जमायचं नाही बाई."

"बरं, स्क्रीनवर नको. फाइलमध्ये पाठव, छापून घे आणि सावकाश वाच."

मी कागद घेऊन ह्यांच्या पलंगाशी बसले आणि वाचू लागले. एका चाचणीत तीनच ओळी यायच्या होत्या. मी वाचले, "पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळ. पहिली ओळ. दुसरी ओळ."

"पुन्हा पहिल्यापासून कशाला वाचतेस?" हे खेकसले.

"मी कुठे वाचतेय? इथे छापलंयच तसं."

"नीट बघ."

"डोळे तुमचे अधू आहेत, माझे नाहीत. दोनदा आलंय म्हणजे आलंय."

मला वाटले हे रागावले. मग चष्मा काढून त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, आणि वाचता येत नसतानाही तसाच धरून बसले. मला समजावून सांगू लागले, पण सांगत होते ते स्वतःलाच.

बाजारात माणूस एकेका वस्तूसाठी चकरा मारत नाही, पिशवी भरून एकदम आणतो. ह्यांचा थरही तसाच. फाइलमध्ये लिहायचे शब्द साठवायचा आणि पिशवी भरली की एकदम टाकायचा. मात्र स्क्रीनवर लिहायचे असेल तर समोर माणूस बसलेला, त्याला ताटकळत कशाला ठेवायचे, म्हणून प्रत्येक ओळीनंतर पिशवी रिकामी करायचा. आता कधी कधी प्रोग्रॅम दुसऱ्या कामासाठी स्वतःचीच एक हुबेहूब प्रत काढतो. त्या वेळी पिशवीत काही उरलेले असेल तर प्रतीच्या हातातही तीच भरलेली पिशवी येते, आणि दोघेही आपापली पिशवी फाइलमध्ये ओततात. स्क्रीनवर हे कधीच होणार नाही, कारण तिथे पिशवी रिकामीच असते.

"मी बघत होतो तिथे चूक नव्हतीच," हे म्हणाले. "मी सगळ्या चाचण्या स्क्रीनवर बघत बघत केल्या. सगळ्या." आणि मग, "प्रत काढायच्या आधी पिशवी रिकामी करायची. एवढंच. एका ओळीचं काम होतं गं."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आले ते डॉक्टरने सांगितलेल्या थेंबांचे नव्हते. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. माझी आई त्या एका ओळीपायी वाट बघत गेली होती.

डॉक्टरने प्रवासाला परवानगी दिली त्या आठवड्यातच आम्ही दादाकडे गेलो. दार दादानेच उघडले. केस पिकलेले, स्वेटरची बटणे वरखाली लावलेली. हे उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागले, घरून पाठ करून आल्यासारखे. फाइल, पिशवी, प्रत, स्क्रीन, सगळे. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर होतं. आणि मी जे म्हणालो ते..."

दादाने सगळे ऐकून घेतले. "अरे, आत तर ये," तो म्हणाला. "चूक काय, कोणाच्याही हातून होते. राहिलेलं बोलू नकोस. मी केव्हाच सोडून दिलं ते."

मला हुंदका आवरेना. वहिनीने मला आत नेले, पाणी दिले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत बसलो, आणि आता बाहेर पूर्वीसारखे सुरू होईल म्हणून मी कान देऊन होते.

बाहेरून आवाज येत होते ते असे: गुडघे कसे आहेत, बरे आहेत. साखर? औषध चालू आहे. इकडे पाणी व्यवस्थित येते का, येते. मग बराच वेळ पंख्याचा आवाज. मध्येच ह्यांनी त्या भाषेबद्दल काहीतरी विचारले. दादा म्हणाला, "आता काही आठवत नाही रे मला त्यातलं. किती वर्षं झाली." तो ते अगदी मनापासून म्हणाला. नंतर पुन्हा पंखा.

चहा झाला. दादाने फाटकापर्यंत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, ह्यांच्या खांद्यावर थोपटले. गाडीत बसल्यावर ह्यांनी किल्ली फिरवली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले.

"माफ केलं त्याने," मी म्हटले.

"हो," हे म्हणाले. "पण आता बोलायचं कशाबद्दल?"