दारावरच्या पाटीएवढं मशीन

बायकोची वेणी घालायला मी शिकलो ते आमची कंपनी बंद पडल्यावर. तिचं उजवं मनगट तेव्हा इतकं सुजायचं की हात मागे नेऊन केसांचे तीन पेड धरणं तिला जमत नसे. ती खाली चटईवर बसायची, मी मागे स्टुलावर. कंपनीत मी मशीनांची देखभाल करायचो. एका वायरवर दुसरी न चढवता जुडगा बांधण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पण वेणी दुपारपर्यंत सुटायची.

"अहो, वेणी घालताय की गवताची पेंढी बांधताय?" ती विचारायची. मी हसायचो. आतून मात्र मेल्यासारखं व्हायचं, कारण ते मनगट कशाने सुजलंय हे मला ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवलीत एकामागून एक इमारती उठत होत्या आणि प्रत्येक नव्या दाराला नावाची पाटी हवी होती. बायको पाट्या करायची. सागवानी पट्टीवर अक्षरं काढायची, बारीक पात्याच्या करवतीने कापायची, कानस मारून गुळगुळीत करायची आणि काळ्या फळीवर चिकटवायची. आधी हा छंद होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीला टाळं लागलं आणि छंदावर घर चालू लागलं. ठाण्यातलाच, टेंभी नाक्याजवळचा एक दुकानदार तिच्या पाट्या ठेवायचा आणि आणखी मागायचा. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "करवत थांबवा. नाहीतर पुढे मूठच वळायची नाही."

करवत थांबवणं आम्हाला शक्य नव्हतं. म्हणून मी ठरवलं की करवतीच्या जागी मशीन आणायचं, आणि ते मीच बनवायचं. कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं माझ्या हाताखालून गेली होती. तसंच लहान मशीन करायचं: कॉम्प्युटरने अक्षराची रेघ सांगायची, मोटरींनी राउटरला, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या हातयंत्राला, त्या रेघेवरून फिरवायचं आणि राउटरच्या पात्याने लाकूड कोरायचं. गॅलरीत लोखंडी चौकट उभी राहिली. जुना कॉम्प्युटर मिळाला. भंगारातून एकेक पाऊल मोजत फिरणाऱ्या मोटरी मिळाल्या. इथपर्यंत सगळं झपाट्याने झालं.

अडलं ते पुढे. मोटर गोल फिरते, राउटर सरळ चालायला हवा. मध्ये काय घालायचं? चेन, दातांचा पट्टा, दांतेरी पट्टी की स्क्रू?

पहिल्यांदा सायकलची चेन लावली. कॉम्प्युटरवर 'सुस्वागतम्' लिहिलं आणि मशीन चालू केलं. मशीन खडखड करत चाललं, पण जिथे दिशा बदलायची तिथे चेन आधी ढिली पडायची, मग ताणायची, आणि मगच राउटर हलायचा. कोरीव फळी मी बायकोसमोर धरली.

"हा व आहे?" तिने फळी उजेडाकडे वळवली. "ह्याच्यावर कुणी बसलं होतं का?"

व चं पोट चेपलं होतं, स चा दांडा शिरोरेघेपर्यंत पोचलाच नव्हता. देवनागरीत चोरी लपत नाही. सगळी अक्षरं एका रेघेला लटकलेली. एक जरी सुटलं तरी शेंबड्या पोरालाही दिसतं.

चेन काढली. आता मला बॉल स्क्रूच हवा होता. आमच्या कंपनीतल्या मोठ्या मशीनांत तोच असायचा: नटाच्या आत पोलादी गोळ्या, स्क्रू बोटाने फिरवला तरी लोण्यासारखा फिरणारा. बाजारातला नवा परवडणारा नव्हता, म्हणून वागळे इस्टेटमधली भंगाराची दुकानं पालथी घातली. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, जुन्या ड्युटीवर निघाल्यासारखा. घरी करवत चालूच होती. क्रेप बँडेज गुंडाळलेल्या हाताने ती चालवायची, आणि मी संध्याकाळी परतल्यावर तिला सांगायचो, "अगं, अजून चांगला पीस मिळेल. घाई करण्यात अर्थ नाही."

अखेर तो मिळाला. आणून तेल दिलं, एका टोकाला नट फिरवून पाहिला, घट्ट आणि गुळगुळीत. मशीनवर चढवला आणि व पुन्हा चेपलेलाच आला. मशीनचं टेबल आयुष्यभर मधल्या भागातच जास्त ये-जा करतं, म्हणून जुना स्क्रू मध्ये झिजतो आणि टोकांना नवा राहतो. हे मी कंपनीत कितीदा पाहिलं होतं! तरी तपासलं टोकालाच. मध्ये घट्ट बसेल असा नट आवळला तर तो टोकाला अडकायचा. टोकाला मोकळा केला तर मध्ये डुगडुगायचा.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी तिला नवा बेत सांगत होतो. दुसरा बॉल स्क्रू शोधीन. नाहीतर लांब दांतेरी पट्टी, म्हणजे पुढेमागे अख्खं दारसुद्धा कोरता येईल.

ती मान न वळवता म्हणाली, "अहो, मला दार कोरायचं नाहीये. दारावरची पाटी कोरायचीय."

माझ्या हातातला पेड ताणला गेला.

"केस ओढू नका. पाटी केवढी असते? हातभर. त्याला तुमच्या कंपनीएवढं मशीन कशाला?"

"साधा स्क्रू लावला तर फार हळू चालेल गं."

"चालू दे की. मला कुठे शर्यत लावायचीय? माझ्या हातापेक्षा तर हळू नाही ना चालणार?" मग म्हणाली, "की मशीन पूर्ण झालं तर उद्या डबा घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न आहे?"

प्रश्न तोच होता. मशीन अपुरं होतं तोवर मी कामावर होतो. ते पूर्ण झालं की घरी बसलेला माणूस. मला ते कधी स्वतःशीही बोलता आलं नव्हतं, आणि त्याची किंमत तिचं मनगट देत होतं.

"दारावर पाट्या बसवायला कोण जाणार?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक ड्रिल मारून द्यायला माणूस विचारतंच. मी चढू का शिडीवर?"

त्याच दिवशी मी साधा, चौकोनी आट्यांचा स्क्रू आणला, काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या बाकावरच्या व्हाइसला असतो तसला, लांबीला पाटीपुरता. ओळखीच्या लेथवाल्याकडून गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे, दोन नट करून घेतले आणि दोघांच्या मध्ये स्प्रिंग बसवली. एक नट पुढे रेटलेला, एक मागे. दिशा बदलली तरी ढिलं पडायला जागाच नाही. कंपनीत असं काही दाखवलं असतं तर हसले असते. मशीन मुंगीच्या चालीने चाललं. आम्ही दोघं पाटावर बसून बघत राहिलो. व चं पोट गोल फिरून जिथून निघालं होतं तिथेच येऊन मिळालं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "भरलं पोट."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

दसऱ्याला मशीनची पूजा केली. झेंडूची माळ राउटरला, आपट्याची पानं कॉम्प्युटरवर. तिने करवतही शेजारी ठेवून तिला हळदकुंकू लावलं. पुजलेली हत्यारं त्या दिवशी चालवायची नसतात, म्हणून मशीनला सुट्टी होती. करवतीची सुट्टी मात्र त्यानंतर संपलीच नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी मी सवयीने तेल आणि कंगवा घेऊन स्टुलावर बसलो. ती चहाचे कप घेऊन आली. पाठीवर वेणी होती, सरळ आणि घट्ट, एकही केस सुटलेला नाही.

"कुणी घातली?" मी मूर्खासारखं विचारलं.

तिने उजव्या हाताची मूठ वळून दाखवली, उघडली, पुन्हा वळली. "चहा घ्या. आज तीन दारांवर जायचंय तुम्हाला. ड्रिल घेतलंत का?"