केसरवहिनीला आवडलेली भूतीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, आक्का आणि न सांगितलेली गोष्ट? बरोबर आहे तुमचं. आमच्यात लग्न असो की बारसं, पंगत उठली की मला मध्ये बसवतात — आक्का, तो तंबूतला सिनेमा सांग! आणि मी सांगते. पदर खोचून, डोळे फिरवून, आता या देहाला शोभत नाही तरी उठून नाचूनसुद्धा. पंचवीस वर्षं सांगते आहे. पण त्यातला एक तुकडा दर वेळी गाळते. तो गाळते म्हणूनच लोक हसू शकतात.

तेव्हा मी सोळा वर्षांची. नुकतंच लग्न झालेलं, माहेरी लोणखेड्याला आले होते. शहाद्याला तंबूत मुका सिनेमा लागला होता. आम्ही बैलगाडी जुंपून गेलो — काका, आत्या, दादा, मी आणि केसरवहिनी. माय तेवढी घरी राहिली.

केसरवहिनी दादाची दुसरेपणाची बायको. पहिली मथुरावहिनी बाळंतपणात गेली होती. आमच्याकडे अशा वेळी दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा — चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईचा मुखवटा. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. केसरवहिनी हे सगळं निमूट करायची. घरात मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हसताना तर नाहीच.

आणि सिनेमा नेमका काय निघावा? एका शेठची मेलेली बायको भूत होऊन परत येते! शेठच्या खिरीत मीठ टाकते, त्याची पगडी खाटेच्या पायाला बांधते. ती दिसते फक्त दुसरीला. दुसरी आधी घाबरते, मग दोघींची गट्टी जमते आणि दोघी मिळून शेठला सळो की पळो करतात. पडद्याजवळ उभा असलेला माणूस अक्षरं वाचून दाखवत होता, पण त्याची भाषा पुस्तकी. आमच्या बायकांना निम्मं कळलं, उरलेलं ज्यानं त्यानं आपापलं जुळवलं.

परतताना गाडीत वाद. काका म्हणाले, "भूतनीना पाय सरळ व्हतात. मंग ते भूत कसानं?" आत्यानं तर पडद्याला दोनदा हात जोडले होते, तिच्या मते ती देवीच. दादा फुरंगटून बसला होता — नवऱ्याला असं नाचवतात होय? मी सगळ्यांच्या नकला करत होते. त्या गोंधळात केसरवहिनी माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली,

"ताई, माले ती भूतीण आवडनी. मन्ही सवत बी अशी ऱ्हाती ना, ते आम्ही दोन्ही मिळीसन हासतूत."

एवढंच. तिचंही एक मत. गळ्यातल्या चांदीच्या मुखवट्याशी ती एकटीच बोलत असेल का कधी? तेव्हा हे माझ्या मनात आलं नाही. आज येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कापूस निवडत बसलो होतो. माय, शेजारच्या दोघी-तिघी. मी सिनेमा सांगायला घेतला. पण गोष्ट रंगेना. माय कापसातली काडी काढण्यात गुंतलेली, एकीनं तर जांभई दिली. गोष्ट सांगणाऱ्याला समोरची जांभई काय करते, ते तुम्हाला कसं सांगू — मी म्हणाले, "आणि आपली वहिनी काय बोलनी, ठाऊक शे?"

वाक्य तिचंच सांगितलं. जसंच्या तसं. पण आवाज — आवाज मी मथुरावहिनीचा काढला. तो घोगरा, ओढून बोलणारा. मला नकला येतात ना!

मायचे हात थांबले.

"कोना आवाजमा बोलनी ती?"

इथे मी हसून म्हणू शकत होते, माय, मी नक्कल केली. हसायला किती वेळ लागतो? पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जांभई देणारीसुद्धा. मी म्हणाले, "मथुरावहिनीना."

तिसऱ्या दिवशी तळोद्याकडून भगत आला. भर दुपारी, केस मोकळे सोडून केसरवहिनीला अंगणात बसवलं. मिरच्यांचा धूर. लिंबाच्या डहाळ्या. ओट्यावर माणसं दाटलेली — तंबूत होती त्यातलीच कितीतरी — आणि पुन्हा मतं देत होती. डोळे बघा, म्हणे. मान बघा. भगत एकच विचारत होता, कोण आहेस तू? ती आपलं नाव सांगायची, आणि डहाळी बसायची.

एकदा तिनं मान वळवली. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते.

"ताई, तू मन्हा जोडेच व्हती ना? सांग ना यास्ले."

सगळे माझ्याकडे वळले. दादासुद्धा. आणि मी — जिचं तोंड कधी मिटत नाही ती मी — खाली बघितलं.

दिवस कलताना ती म्हणाली, "मी मथुरा." तेव्हा धूर थांबला.

तिला घराबाहेर काढलं नाही. दोन वेळचं जेवण मिळालं, लुगडी मिळाली. फक्त तिच्या हाती कुणी मूल दिलं नाही. तिला स्वतःचं झालं नाही. माझा थोरला माहेरीच जन्मला. बाराव्या दिवशी ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, हात किंचित पुढे केले. खोलीत आम्ही दोघीच होतो. माय नव्हती, दादा नव्हता, बघणारं कुणी नव्हतं. तरी मी बाळाला पदराखाली घेतलं. दिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, की मला तिची भीती वाटत नाही. की मला भीती वाटण्याचं कारणच नाही, हे मला ठाऊक आहे.

ती अजून आहे. केस पांढरे झाले. गेल्या वैशाखात माहेरी, काकांच्या नातवाच्या लग्नात मी पुन्हा तो सिनेमा सांगितला. मांडव हसून हसून लोळला. ती मागे, तांदळाच्या पोत्यांपाशी बसली होती. दोघींची गट्टी जमते तिथे मी आले की नेहमीसारखी तिच्याकडे न बघता पुढे जाते. या वेळी नजर गेली. ती माझ्याकडेच बघत होती, एखाद्या ओळखीच्या गोष्टीत आता पुढे काय येणार ते ठाऊक असल्यासारखी. मी पगडीचा प्रसंग घेतला. लोक पुन्हा हसले.

केसरवहिनी त्या गाडीत कुणाच्या आवाजात बोलली नव्हती. तो तिचाच आवाज होता.