आबांनी जर्मन ऑपेरात वन्स मोअर मागितला!

शनिवारी सकाळी पोहे परतत होते, तेवढ्यात कौस्तुभचा फोन आला. "वहिनी, आज संध्याकाळी बॉनच्या अलीकडे एका थिएटरात गातोय. त्यांचा बॅरिटोन आजारी पडला. मी ट्रेनमध्ये बसलोसुद्धा!"

कौस्तुभ माझा धाकटा दीर. आमच्या इंगोलश्टाटमधल्या गाड्यांच्या कारखान्यातली भक्कम नोकरी सोडून तो ऑपेरा शिकला आणि आता एका छोट्या थिएटरात बॅरिटोन म्हणून गातो. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. नायकाची उंच पट्टी दुसऱ्याची, याच्या वाट्याला बाप नाहीतर खलनायक. त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता आणि पुढचं काहीच हातात नव्हतं. माझे सासरे, आबा, सांगलीहून आले ते त्याच्यासाठी चाकणची नोकरी ठरवूनच. सोमवारी होकार कळवायचा होता. कौस्तुभही थकून "बघू" म्हणायला लागला होता, म्हणजे गडी हरत चालला होता.

मी शेगडी बंद केली. "आबा, तयार व्हा, आपण जातोय."

"एवढ्या लांब? पोराची हौस बघायला?"

"अहो, एकदा ऐका तरी. मग काय ते बोला."

नवरा कामावर, म्हणून मी, आबा आणि नऊ वर्षांची माझी लेक रेवा निघालो. इंगोलश्टाट, न्यूर्नबर्ग, फ्रँकफर्ट, मग र्‍हाईनच्या काठाने वर. तुम्हाला जायचं असेल तर तिकिटं आधी काढा, ऐनवेळी खिसा कापला जातो. गाडी बदलायला वेळही भरपूर ठेवा, कारण जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही शुद्ध अफवा आहे. न्यूर्नबर्गला आमची पुढची गाडी डोळ्यांदेखत गेली! मैन्झ सुटल्यावर मात्र उजवीकडची खिडकी पकडा. नदी, टेकड्यांवर किल्ले, उतारावर द्राक्षांचे मळे, अहाहा! आबांनी दशमी-चटणी खात निकाल दिला, "आमच्या तासगावचे मळे याहून बरे."

थिएटरचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला अवघडायला नको. सुरू होण्याआधी खिडकीवर उरलेली तिकिटं मिळाली. वरच्या गॅलरीतलं तिकीट स्टेशनवरच्या जेवणापेक्षा स्वस्त पडलं, खरंच सांगते. कोट मात्र बाहेर ठेवावे लागतात, आबांनी मफलर सोडायला साफ नकार दिला.

दिवे मंद झाले आणि पडद्यापुढे माइक घेऊन एक बाई आल्या. सगळं सभागृह कण्हलं. जर्मनीत पडद्यापुढे असं कुणी आलं की लोक समजतात, आज बदली गायक. बाईंनी कौस्तुभचं नाव तुकडे तुकडे करत वाचलं.

"तालीम कधी झाली म्हणे?" आबा कुजबुजले.

"नाहीच झाली, मेसेज आलाय त्याचा. काम पाठ आहे म्हणून निभावतंय. दुपारी आला, कुठे उभं राहायचं ते तेवढं दाखवलं. कपडेसुद्धा दुसऱ्याचे आहेत."

आबांनी मफलर घट्ट गुंडाळला.

दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून जाते आणि बाप एकटा उरतो. कौस्तुभ बापाच्या कामात होता. तो हळू आवाजात सुरू झाला, मग आवाज असा भरत गेला की छातीत घुमायला लागला. भाषा आबांना कळत नव्हती, पण त्यांचा मफलर डोळ्यांपाशी गेलेला मी पाहिला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि ओसरायला लागल्या.

आबा वाढले संगीत नाटकांवर. पद रंगलं की वन्स मोअर मागायचा आणि नटानं ते पुन्हा म्हणायचं, ही त्यांची रीत. ते ताडकन उठले आणि गरजले, "वन्स मोअर!"

सगळं थिएटर मागे वळलं. वाद्यवृंदाचा कंडक्टरसुद्धा! रेवा खुर्चीत घसरली, "आबा, दास माख्त मान निश्त!" असं करत नाहीत, म्हणे. मला वाटलं, संपलं, पोराच्या करिअरवर आपणच पाणी ओतलं. कौस्तुभ भूमिका न सोडता पाठमोरा उभा होता, पण बापाचा आवाज त्याने ओळखला होता, हे नंतर कळलं.

तेवढ्यात समोरच्या सज्ज्यातून एक म्हातारी हसत ओरडली, "गेनाऊ! नोखमाल!" बरोबर आहे, पुन्हा होऊ द्या! आणि लोकांनी लाकडी जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली.

"चिडले का गं?" आबांनी माझा हात धरला.

"नाही हो, फार आवडलं की इथे पाय आपटतात!"

कंडक्टरने रंगमंचाकडे पाहिलं. कौस्तुभने वळून मान डोलावली. वादकांनी पानं मागे उलटली आणि गाण्याचा उत्तरार्ध पुन्हा झाला. काय गायला म्हणून सांगू! शेवटी सगळं थिएटर उभं होतं आणि मी हुंदके देत शिट्टी वाजवत होते.

मागच्या दाराशी भेटलो तेव्हा थिएटरचे प्रमुख स्वतः त्याला सोडायला आले होते. पुढच्या हंगामापासून दोन वर्षांचा करार त्यांनी तिथेच देऊ केला. कौस्तुभ फुटपाथवरच आबांच्या पाया पडला.

"दुसऱ्यांदा चांगलं म्हटलंस," आबा म्हणाले. "पहिल्यांदा घाई केलीस."

काल घरी परतलो, आज सोमवार. किल्ले मला फारसे आठवत नाहीत, ते पायांचे आवाज मात्र अजून कानांत आहेत. सकाळी आबांनी चहाही न घेता चाकणला फोन लावला.

"नाही जमायचं हो. पगाराचं नाही काही... तो यायला तयार झाला तरी आता मीच त्याला येऊ देणार नाही!"